कमळपक्ष्याचं घरटं

धोंडिरामला कुणी शहाणपणा शिकवायला जाऊ नये. पवईच्या तलावातली जलपर्णी बारा वर्षं उपसतोय तो! राहायला घाटकोपरच्या टेकडीवर, मूळचा परभणीकडचा. बोटीत उभं राहून लांब आकडीने पसरलेल्या हिरव्या पानांचे तुकडे सोडवायचे आणि ओढत काठाला आणायचे, हे त्याचं काम. टिबुकली, खंड्या, ढोकरी, तलावातल्या सगळ्या पाखरांच्या खोड्या त्याला तोंडपाठ. पण जीव जडला होता कमळपक्ष्यावर. मादी अंडी घालते नि चालती होते. उबवायचं नराने, पिल्लं सांभाळायची नराने. ‘भला माणूस आहे,’ धोंडिराम त्या नराबद्दल म्हणायचा.

यंदा श्रावणात पूर्वेच्या कोपऱ्यात त्याला घरटं दिसलं. घरटं कसलं, पानांवर चार ओल्या काड्या नि त्यांत चार चकचकीत तपकिरी अंडी. त्याच संध्याकाळी मुकादम राजेशचा फोन आला.

‘उद्या साहेबांची पाहणी आहे. दुपारपर्यंत पूर्वेचा कोपरा साफ पाहिजे. नाहीतर आपली वाट लागली समज.’

आता राजेश काही राक्षस नव्हता. घरट्याचं सांगितलं असतं तर निदान ऐकून घेतलं असतं. पण धोंडिरामला कुणापुढे गयावया करणं जन्मात जमलं नाही. त्याने मनाशी ठरवलं, रोज एवढी जलपर्णी हलवतो, एक घरटं हलवता येणार नाही?

सकाळी त्याने घरट्याभोवतीचा तुकडा कापून मोकळा केला, दोरी बांधली आणि बोटीमागून हळूहळू पलीकडच्या पाणकणसाच्या उंच गवतात न्यायला निघाला. वल्ही जोडीदार विकीकडे होती.

‘काका, बिऱ्हाड हलवताय काय? टेम्पो सांगू?’

‘गप रे! सरळ मार. अंडं गडगडलं तर तुलाच उबवायला बसवीन.’

तुकडा पाणकणसात जाऊन लागला, एकही अंडं गडगडलं नाही. काय खूश झाला माणूस!

आणि इथेच त्याने माती खाल्ली. उपटलेल्या जलपर्णीत किडे, गोगलगायी असतात, म्हणून बोटीने तुकडा ओढला की कावळे मागे लागतातच. बारा वर्षं रोज बघितलेली गोष्ट, नेमकी आजच विसरला. कावळे मागे आले. नर मात्र आला नाही. तो जुन्या जागेवर ओरडत घिरट्या घालत राहिला.

‘अरे इकडे ये ना, बाबा! इकडे!’ धोंडिराम दोन्ही हात हलवून ओरडला. पक्ष्याला काय कळणार? तेवढ्यात काठावरून राजेशने शिट्टी मारली. पश्चिमेकडचा कचरा आधी काढायचा होता. दोघं गेले.

तासाभराने परत आले, तर पाणकणसात नुसती टरफलं. एक कावळा अजून चोच पुसत होता. धोंडिराम बोटीतच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

बारा वाजता राजेशचा फोन आला. ‘पाहणी रद्द. साहेब येत नाहीत. पूर्वेचा कोपरा राहू दे आता, दिवाळीनंतर बघू.’

परतताना बोट कोपऱ्यावरून गेली. सगळीकडे हिरवंगार होतं, फक्त धोंडिरामने कापलेल्या जागी उघडं पाणी. नर त्याच्या कडेकडेने चालत होता आणि चोचीने एकेक पान उलटून बघत होता.