फिल्टर, प्लास्टिकसकट

मी पाण्याच्या फिल्टरवरचं प्लास्टिक न काढता तो जगमध्ये बसवला आणि पुढे अख्खा उन्हाळा त्या पाण्याच्या चवीचं कौतुक करत हिंडलो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलायला लागलो, तर ते कितपत मनावर घ्यायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

झालं असं, की कळव्याची आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि बाबा आमच्याकडे कोपरला राहायला आले. येताना त्यांनी दोन बॅगा, एक आरामखुर्ची आणि पाच लिटरचा कॅन भरून कळव्याचं पाणी आणलं. मला वाटलं, प्रवासात तहान लागेल म्हणून घेतलं असेल. पण कळवा ते कोपर म्हणजे मध्ये मुंब्रा आणि दिवा. वाळवंट कुठेच लागत नाही. बाबांनी तो कॅन पलंगाखाली सरकवला आणि त्यातून रोज एकेक पेला असा काढायला लागले, जसं काही पुढचा पाऊस कधी पडणार हे सरकारने अजून जाहीर केलेलं नाही.

आमच्या नळाचं पाणी त्यांनी एकदाच तोंडात घेतलं. थोडा वेळ तिथेच ठेवलं, मग उठून बेसिनकडे गेले. परत येऊन म्हणाले, दवाखान्याची चव आहे. आता वास येत होता हे खरं. आमच्या सोसायटीची टाकी नुकतीच धुतलेली, आणि धुणाऱ्याने पावडर टाकताना हात जरा सैल सोडलेला. आम्हाला सवय झालेली. पण बाबांचं मूळ दुखणं वेगळंच होतं. त्यांना कळव्याच्या पाण्याशिवाय कुठलंच पाणी पाणी वाटत नाही. खाडीपलीकडे ठाण्याला लग्नाला गेले तरी घरी येऊन सांगणार, जेवण उत्तम होतं, पाणी जड.

कॅन संपला आणि बाबांनी पाणी पिणंच सोडलं. चहा चालायचा, ताक चालायचं, कलिंगडाच्या फोडी चालायच्या. पाण्याचा पेला पुढे केला की म्हणायचे, ठेव तिथे. पेला तिथेच राहायचा. रविवारी कळव्याच्या मित्राकडे पत्ते खेळायला म्हणून जायचे, तेव्हा पिशवीतून रिकाम्या बाटल्यांचा आवाज यायचा. येताना आवाज यायचा नाही. ते पाणी मंगळवारपर्यंत पुरायचं. बुधवार ते शनिवार पुन्हा उपास.

शेवटी व्हायचं ते झालं. लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आजोबा, पाणी वाढवा, नाहीतर सलाईन लावून आत घालावं लागेल. बाबांनी गंभीरपणे विचारलं, "सलाईनचं पाणी कुठलं असतं?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

घरी येता येता रिक्षात मी मनाशी ठरवलं, बाबांना आपल्याच नळाचं पाणी प्यायला लावायचं, आणि तेही तोंड वाकडं न करता. त्यासाठी वाटेल ते करायचं. माझं हे "वाटेल ते" म्हटलं की माझी बायको आधी घरातली हातोडी लपवते. तिने बजावून सांगितलं की मोठं मशीन बसवायचं नाव काढायचं नाही. ओट्यावर जागा नाही, निम्मं पाणी मोरीत जातं, आणि भिंतीला भोक पाडायला मला ती ह्या जन्मी परवानगी देणार नाही. मागच्या वेळी मी रॅकसाठी भोक पाडलं तेव्हा ते नेमकं पाइपमध्ये गेलेलं, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी छत्री उघडून स्वयंपाक केलेला. माठ आणला, तर पाणी गार झालं पण वास होता तिथेच. उकळून दिलं, तर बाबा म्हणाले, उकळलेलं पाणी आजारी माणसाला देतात. मी म्हटलं, तुम्ही आजारीच आहात. त्यावर ते पलीकडच्या कुशीवर वळले.

मग मला फिल्टरच्या जगचा शोध लागला. भोक नको, वीज नको. वरच्या कप्प्यात नळाचं पाणी ओतायचं, मध्ये नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा फिल्टर, आणि खाली वास गेलेलं पाणी. मी फोनवर लोकांचे अभिप्राय वाचायला बसलो. आधी वाईट वाचायचे, मग चांगले, मग चांगले लिहिणारे खरे आहेत का ते पाहायचं. कुणाचं झाकण सैल, कुणाचा कान तुटका. एका बाईंनी लिहिलेलं, पाणी छान आहे, पण नवऱ्याला फरक कळत नाही. त्या नवऱ्याबद्दल मला फार तुच्छता वाटली. नंतर मला त्याची आठवण बऱ्याचदा आली.

कंपनी ठरली, आकार ठरला. पण जग फ्रिजच्या दारात बसला पाहिजे ही बायकोची अट होती. मी दाराचा कप्पा वितीने मोजला, एक वीत आणि वर अंगठा, आणि ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे जगवर वीत ठेवली तर कधी बरोबर यायचा, कधी अंगठाभर जास्त. हाताचं माप रिक्षातून उतरल्यावर बदलतं की काय कोण जाणे. शेजारीच विकायला मांडलेल्या फ्रिजची रांग होती. म्हटलं, प्रत्यक्ष बसवूनच बघू. मी एकेका फ्रिजचं दार उघडून त्यात जग ठेवायचो, दार लावायचो, पुन्हा उघडायचो, असं करत पुढे सरकलो. टाय लावलेला एक विक्रेता माझ्यामागून यायला लागला. त्याला वाटलं मोठं गिऱ्हाईक आहे. त्याने मला बर्फ न साठणारे, भाजी ताजी ठेवणारे, दाराला कुलूप असलेले असे सगळे फ्रिज समजावून सांगितले. थंड पाणीही मागवलं. शेवटी मी म्हटलं, सगळ्यांत बसतोय, हा जग द्या. त्याने माझ्या हातातलं पाणी परत घेतलं नाही, एवढाच त्याचा सभ्यपणा.

घरी आणला तर आमच्या फ्रिजमध्ये बसेना. दुकानातला फ्रिज रिकामा असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या दारात इडलीचं पीठ, दोन सॉस, आल्याची पेस्ट आणि बायकोने कशासाठी तरी जपून ठेवलेलं अर्धं लिंबू. बायको म्हणाली, पीठ हलणार नाही. त्यामुळे जग जेवायच्या टेबलावर आला, बाबांच्या आरामखुर्चीच्या बरोब्बर समोर.

आता त्या प्लास्टिकबद्दल. लोकांना वाटतं, इतका मोठा माणूस, याला दिसलं कसं नाही? दिसलं. फिल्टरला कातडीसारखं घट्ट बसलेलं पारदर्शक प्लास्टिक मला स्वच्छ दिसलं. पण आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. बाबांची शिकवण. वस्तू जुनी झाली की काढू, असं ते म्हणतात, आणि आमच्याकडे वस्तू जुनी झाली असं कुणी कधी कबूल करत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, त्यावर रबर. गादीवर तिचं मूळचं प्लास्टिक, कूस बदलली की पापड भाजल्यासारखा आवाज. कळव्याच्या कपाटाच्या आरशावरची निळी फिल्म मी कॉलेजात असताना होती, ती बिल्डिंग रिकामी करतानाही होती. माझं सगळं तारुण्य मी निळसर पाहिलेलं आहे. अशा घरात वाढलेल्या माणसाला फिल्टरवर प्लास्टिक दिसलं, तर त्याला काय वाटणार? कंपनीने काळजी घेतलीय, असंच वाटणार. पाण्याला जायला बारीक भोकं असतीलच, असं मी धरून चाललो. त्यावर परदेशी लिपीत काहीतरी छापलेलं होतं. मी त्याचा अर्थ "काढू नये" असा लावला.

बाबा तेव्हा समोरच गवार मोडत बसले होते. चष्म्याच्या वरून त्यांनी फिल्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गवार घेतली. काही बोलले नाहीत. हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं, पण मी तेव्हा आनंदात होतो.

कागदावर लिहिलेलं, की पहिलं पाणी कोळशामुळे काळसर येतं, ते टाकून द्या. आमचं पहिल्यापासून लखलखीत. लिहिलेलं, की पाणी झिरपायला वेळ लागतो. आमचं वर ओतलं की खाली हजर. मी बायकोला म्हटलं, वस्तू निवडायची नजर लागते.

आणि बाबा पाणी प्यायला लागले.

पहिला पेला मी स्वतः त्यांच्या हातात दिला आणि समोर खुर्ची ओढून बसलो. करवंटीचा कोळसा वास कसा शोषून घेतो, हे हातवारे करून सांगितलं. बाबा म्हणाले, गावी करवंट्या बंबात घालायचे. मी म्हटलं, तो कोळसा वेगळा, ह्याच्यात डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं असतात. त्यांनी पेला उचलला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. मी विचारलं, वास? म्हणाले, नाही. चव? म्हणाले, छान. मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी पेला भरून न्यायचो आणि खुर्ची ओढायचो. पुढे पुढे तर मी खुर्चीला हात लावला की ते पेला तोंडाला लावायचे. जळजळ गेली. डॉक्टर खूश झाले. मी डॉक्टरांनाही जगचं नाव लिहून दिलं.

यश डोक्यात गेलं की माणूस शेजाऱ्यांना बोलावतो. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांच्या डोळ्यांवर मी रुमाल बांधला आणि त्यांच्यापुढे स्टीलचे दोन पेले ठेवले. एकात नळाचं, एकात जगमधलं. काकांनी दोन्ही चाखली, जिभेने टाळूला टकटक केलं आणि जगमधल्या पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवून म्हणाले, हे हलकं आहे. नळाचं घशाला धरतं. मी बाबांकडे विजयाने पाहिलं. बाबा वर्तमानपत्राच्या आड होते आणि वर्तमानपत्र हलत होतं.

काकांनी तोच जग आणला. आठवड्याने तो काखोटीला मारून ते आमच्या दारात उभे. तक्रार अशी की पाणी फार सावकाश उतरतं, तुमच्यासारखं धो धो येत नाही, मला खराब पीस मिळाला. मी मोठ्या मनाने म्हटलं, दाखवा. बायकोने दोन्ही फिल्टर काढून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. काकांचा पांढरा, निस्तेज, खाली जाळी. आमचा चकचकीत. बायकोने आमच्या फिल्टरवरून नख फिरवलं. प्लास्टिकचा तुकडा टर्रकन निघाला आणि तिच्या नखाला लटकत राहिला. इतके दिवस पाणी कोळशाला न शिवता प्लास्टिकच्या कडेकडेने खाली घसरत होतं.

काकांना विषय कळला नाही. मी त्यांना घाईघाईने सांगितलं की तुमचा फिल्टर अजून नवा आहे, मुरला की वेग येईल. ते समाधानाने गेले. आजही ते तो मुरण्याची वाट पाहत आहेत.

दार लागल्यावर बायको ओट्याला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हसली. मला हसू येत नव्हतं. मला आरामखुर्ची दिसत होती. बाबांना कळलं, की आजवर ते दवाखान्याच्या चवीचंच पाणी पीत होते, तर ते पुन्हा पेला खाली ठेवतील. पुन्हा बाटल्यांचा आवाज, पुन्हा जळजळ, आणि मग खरोखरच ती सलाईन. मी बायकोला शपथ घातली, की ह्यातलं अक्षर बाबांच्या कानावर जाता कामा नये. प्लास्टिकचा बोळा मी कचऱ्याच्या डब्यात, कांद्याच्या सालींच्या खाली दडवला. फिल्टर नीट भिजवला, काळसर पाणी कढीपत्त्याला घातलं, आणि बाबा दुपारचे झोपलेले असताना जग पुन्हा टेबलावर ठेवला. जसा काही इथून कधी हललाच नव्हता.

बाबा उठले. स्वतःच पेला घेऊन टेबलापाशी आले आणि जग वाकडा केला. खालचा कप्पा जवळजवळ रिकामा होता. वरून पाणी थेंब थेंब उतरत होतं. टप. टप. त्यांनी वाकून ते जरा वेळ पाहिलं. माझ्या घशाला कोरड पडली, पण त्या घरात पाणी मागायची ती वेळ नव्हती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की उन्हाळ्यात कोळशाची छिद्रं जरा आकसतात.

बाबा सरळ झाले. "प्लास्टिक काढलंस वाटतं."

स्वयंपाकघरातून बायकोच्या हातातलं झाकण पडल्याचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी गवार मोडत होतो रे, डोळे मिटून बसलो नव्हतो. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा पोरगं एखादी वस्तू जपून वापरतंय. कशाला मोडता घाला."

"आणि ते पाणी? वास नाही, चव छान, असं म्हणायचात की."

"वास होता तसाच होता."

आता मला खरंच राग आला. मी म्हटलं, मग प्यायलात कशाला? कळव्याहून आल्या आल्या तर तोंडातलं थुंकून टाकलंत. मी हात जोडले, डॉक्टरांनी दम दिला, तेव्हा एक घोट घेतला नाहीत, आणि नंतर रोज पेलेच्या पेले कसे काय रिचवलेत?

तोवर जगच्या खालच्या कप्प्यात दोन घोटांएवढं पाणी साठलं होतं. बाबांनी ते पेल्यात ओतून पिऊन टाकलं, पेला टेबलावर उपडा घातला आणि आरामखुर्चीकडे जाता जाता म्हणाले,

"खुर्ची ओढून समोर बसायचास ना तू. तुझं ते कोळशाचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा पाणी गिळणं सोपं होतं."