छत्र्या जिकडं बघतात

देवगाव फाट्यावरून आत वळलं की गावाच्या आधी गावातल्या छत्र्या दिसतात. पत्र्यांवर, माळवदांवर, एक तर गोठ्यालगत रोवलेल्या खांबावर. टीव्हीच्या त्या साऱ्या छत्र्या दक्षिणेकडं मान वर करून एकाच जागी बघत असतात. रोजच्या माणसाला त्यात काही वाटत नाही. सुलाबाईला वाटलं. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गाव न्याहाळताना एका सकाळी तिच्या मनात आलं, की सारं गाव ज्याच्याकडं तोंड करून बसलंय, ते तिथं आहे तरी काय? आणि आहे, तर ते खाली का पडत नाही?

घरी येऊन तिनं मुलाला, नागनाथला विचारलं. तिथं उपग्रह असतो, तो चित्रं खाली पाठवतो, असं तो म्हणाला. मग पडत का नाही? तर वर गुरुत्वाकर्षण नसतं, एवढं सांगून त्यानं चहा मागितला.

सुलाबाईनं चहा दिला, पण उत्तर काही घेतलं नाही. वरून येणारं काही धरायचं तर भांडं सरळ आभाळाकडं करावं, तिरकं कशाला, असा विचार करून ती दुपारी शिडी लावून पत्र्यावर चढली आणि छत्री पिळून तिचं तोंड थेट डोक्यावरच्या आभाळाकडं केलं. खाली क्रिकेटचा सामना रंगात आला होता. पडद्यावरचे खेळाडू गेले आणि घरातल्यांचा आरडाओरडा वर आला. सेलूहून दुरुस्तीवाला येईपर्यंत नागनाथ आईशी बोलला नाही. आपलं चुकलं याचं सुलाबाईला वाईट वाटलं नव्हतं. का चुकलं हे कुणी सांगत नव्हतं, याचा तिला राग होता.

महिलांच्या राखीव जागेवरून ती ग्रामपंचायतीत निवडून आली होती आणि पंचायतीनं तिला शाळेच्या समितीवर पाठवलं होतं. सही आईची, बोलणं मुलाचं, ही रीत साऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. तिच्याच तेवढी पडली नाही. पहिल्याच बैठकीत तिनं छत्र्यांचं विचारलं. मुख्याध्यापक अनंतराव हसले, वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणाले, आणि पुढं त्यांनी एक युक्ती शोधून काढली. सुलाबाई तोंड उघडणार असं दिसलं की तिचा सत्कार करायचा. शाल खांद्यावर, नारळ हातात. नारळ घेतला की वाकून नमस्कार करायचा आणि जागेवर बसायचं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. दोन्ही हात गुंतलेले, समोर टाळ्या चाललेल्या. त्यात प्रश्न विचारणार कसा? असे बरेच नारळ घरी आले. सून राजेश्री त्यांची चटणी वाटायची आणि विचारायची, "आत्याबाई, आज काय इचारायचं ऱ्हायलं?"

विज्ञान दिनाला परभणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी मैथिली पाहुणी म्हणून येणार होती. आदल्या दिवशी अनंतरावांनी नागनाथला निरोप दिला, की या वेळी कार्यक्रमाचा खोळंबा झाला तर समितीवर दुसरी बाई घ्यावी लागेल. कार्यक्रमाच्या सकाळी सुलाबाई शेतात होती. नागनाथनं तिला तिथूनच मोटारसायकलवर घेतलं आणि वाटेत निरोप सांगितला.

"एक दिवस गप बस, माय. फाट्यावर चहाला गेलो की लोक इचारतेत, तुझी माय आज वरून काय पाडायली?"

"त्येंला म्हणावं, पडंना, म्हणून तर इचारायली."

मैथिली छान बोलली. रॉकेटबद्दल बोलली, उजेडाबद्दल बोलली. पोरं चुळबूळ न करता ऐकत होती. तिचं बोलणं संपलं आणि सुलाबाईनं पदर सावरला. अनंतरावांनी ते पाहिलं. ते लगेच उठले, सदस्यांच्या सत्काराचं काहीतरी म्हणाले आणि नारळ पुढं केला.

सुलाबाईनं हात पदराखाली घेतले.

वर्गातल्या माना वळल्या. पुढं आलेला नारळ कुणी घेत नाही, असं त्या शाळेत कधी घडलं नव्हतं. दाराशी उभ्या नागनाथनं खाली बघितलं.

"आदी उत्तर," सुलाबाई म्हणाली, "मंग नारळ."

अनंतराव नारळ धरून तसेच उभे राहिले. वेळ झाली आहे, पाहुण्यांना परत जायचं आहे, असं त्यांनी समजावलं. वर गुरुत्वाकर्षण नसतं हे आपण मागंच सांगितलंय, असंही वर म्हणाले.

सुलाबाईनं कमरेची गोफण काढली. शेतातून येताना ती तशीच खोचलेली राहिली होती.

"ह्यातला दगड फिरतो तो दोरीनं. दोरी सोडली की गेला. वर वढच न्हाई म्हणता, तर चांद कशानं बांधलाय? आन् तुमचं ते टीव्हीचं यंत्र? कवाच निघून जायला पायजे व्हतं."

मागून कुणीतरी हसलं. मैथिली हसली नाही. ती उठून सुलाबाईपाशी आली आणि म्हणाली, "मावशी, मला फिरवून दाखवता?"

शाळा मैदानात आली. पोरांना लांब उभं केलं. सुलाबाईनं दगड न घेता मातीचं ढेकूळ घेतलं आणि गोफण डोक्यावर फिरवली. दोरी गुंगुं करू लागली. हाताला काय जाणवतंय, असं मैथिलीनं विचारलं. वढ, सुलाबाई म्हणाली. मग तिनं दोरीचं एक टोक सोडलं, आणि ढेकूळ सरळ रेषेत कुंपणापलीकडं गेलं.

मग मैथिलीनं तिथंच, उन्हात उभं राहून सांगितलं. वर ओढ नसते हे खरं नाही. कमी होते, पण असते, आणि चंद्राला तीच धरून ठेवते. उपग्रह पडतच असतो. पण त्याचा आडवा वेग एवढा असतो, की पडता पडता तो पृथ्वीभोवती वळत जातो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच चालीनं तो तिच्याभोवती फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो आणि सगळ्या छत्र्या तिकडं बघतात. त्याच्याकडून येतं ते पाण्यासारखं बदाबदा खाली पडत नाही. उन्हाच्याच कुळातलं आहे, पण डोळ्यांना न दिसणारं. मध्ये हवा नसली तरी येतं. ते नेमकं त्या एका जागेकडून सरळ येतं, म्हणून छत्रीचं तोंड तिकडंच हवं.

पत्र्यावर आपलं काय चुकलं ते सुलाबाईला तेव्हा कळलं. तिनं नागनाथकडं एकदा बघून घेतलं. पण बाकीचं?

"पडतंय बी आन् पडत बी न्हाई. हे मला पटंना."

"मलाही पटायला बरेच दिवस लागले होते."

"आन् ती वढ? दोरी तर दिसंना. कशाची केलीय ती?"

मैथिली म्हणाली, "ते मलाही पुरतं सांगता येणार नाही, मावशी. शोधायलेत लोक."

सुलाबाई तिच्याकडं बघत राहिली. माहीत नाही, असं त्या शाळेत तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मान डोलावली नाही. गोफण गुंडाळून कमरेला खोचली, आणि मग अनंतरावांपुढं दोन्ही हात केले.

"द्या आता."

व्हायचं ते झालं. समितीवर पंचायतीतली दुसरी बाई आली. ती बैठकीत बोलत नाही, असं नागनाथनं घरी सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काही नव्हतं. राजेश्री म्हणाली, आता चटणीला नारळ विकत आणावा लागणार.

पंधरा ऑगस्टला सुलाबाई शाळेत गेली. व्यासपीठावर तिची खुर्ची नव्हती. तिनं घरून खताचं रिकामं पोतं धुऊन आणलं होतं. ते पोरांच्या पुढं अंथरून ती बसली. पाहुण्यांनी चांद्रमोहिमेवर भाषण केलं, सत्कार झाले, नारळ वाटले. तिच्याकडं कुणी नारळ आणला नाही. आता तशी गरज कुणाला वाटली नाही.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. लांब जावं तशी ओढ कमी होते म्हणतात, पण ती संपते तरी कुठं? नागनाथ दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली की नाही, हे तिनं बघितलं नाही. हात मोकळे होते. तिनं त्यातला एक वर केला.