चौथ्या हाकेपर्यंत

"पोरी, दार तोडावं लागलं," उषाताईंच्या शेजारचे काका फोनवर म्हणाले. मी चेन्नईत, ऑफिसच्या जिन्यात उभी. ताईंकडे जाऊन बघा, असा फोन त्यांना मीच केला होता... चौथ्या दिवशी.

उषाताईंनी नाशकात मला नेटवर्कचं काम शिकवलं. मी देवळ्याची, नववीत शाळा सुटलेली, तिशीला टेकलेली. "मला नाय जमायचं, ताई," म्हटलं, तर म्हणाल्या, "बरंय की, विसरायला फारसं काही नाही तुझ्याकडे!" सिडकोतल्या त्यांच्या घरी फळीवर दोन जुने राउटर होते. दर दहा सेकंदांनी ते एकमेकांना 'हॅलो' पाठवत. नुसती हाक आली म्हणून शेजार जुळत नाही. समोरच्याच्या हाकेत आपलं नाव दिसलं, की आपणही त्याला ऐकू गेलो हे कळतं. आणि चार हाकांचा वेळ शांततेत गेला, की तो शेजारी मेला असं धरून यादीतून नाव काढायचं. मी भित्री, पहिलीच हाक चुकली की ओरडायचे. "अगं दम धर, चार मोज," ताई हसायच्या.

आज माझं पोट त्या फळीवर चालतं. मी चेन्नईला निघाले तेव्हा, एकट्या राहणाऱ्या ताईंनीच ठरवलं... रोज सकाळी त्यांचा मेसेज, "वैशाली, आहेस का?" आणि माझं उत्तर, "आहे, उषाताई." नावं हवीतच, हा त्यांचा हट्ट.

गेल्या महिन्यात एका सोमवारी मेसेज आला नाही. मी पाठवला, उत्तर नाही. तरी दम धरला. मंगळवारी वाटलं, फोन बिघडला असेल. बुधवारी काकांचा नंबर काढून नुसती बसून राहिले. ताई हसतील, म्हणतील, अजून तशीच भित्री. गुरुवारी लावला.

ताई स्वयंपाकघरात पडल्या होत्या. कधीपासून... ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजून विचारवत नाही.

ताईंच्या दिवसांना नाशकात गेले तेव्हा फळीवर एकच राउटर चालू होता. माणसं जमली तेव्हा पंख्यासाठी कुणीतरी दुसऱ्या राउटरची पिन काढली असावी. मी लॅपटॉप जोडून पाहिलं. शेजाऱ्यांची यादी रिकामी, आणि हॅलो मात्र दर दहा सेकंदांनी जातच होता.

"हे बंद करू ना, मावशी?" ताईंचा भाचा बटणावर बोट ठेवून उभा होता.

"थांब जरा," मी म्हटलं. हिरवा दिवा लुकलुकला. मी मोजायला लागले होते.