आमदारांनी पुन्हा काळा कोट घातला

ओरोसच्या न्यायालयात मी एका साक्षीदाराचा उलटतपास घेत होते आणि पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन पाहिलं तर वहिनींचे, माझ्या सीनिअरच्या पत्नीचे, लागोपाठ फोन. मी लावला. "शुभा, हे गेले गो..." एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी पेज जेवले, आंघोळीला उठले आणि उंबऱ्याशीच कोसळले. मी आत गेले, उरलेला उलटतपास पुरा केला आणि मगच मालवणची गाडी धरली. भाऊंची ज्युनिअर दुसरं काय करणार?

भास्कर तांडेल, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊ, रापणकरांच्या घरातले पहिले वकील. अख्ख्या वाडीने किनाऱ्यावर उभं राहून रापणीचं जाळं ओढायचं, त्यात भाऊंचे वडीलही असत. मी सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागले त्याच वर्षी एका हॉटेलवाल्याने त्यांच्या गावच्या पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर, कुंपण घालायला घेतलं होतं. कुंपण झालं असतं तर जाळं ओढायला जागाच उरली नसती. भाऊ जिद्दीने लढले. मनाई हुकूम मिळाला तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन गावात नेलं, आणि त्याच लाटेवर ते आमदार झाले. आमदार झाल्यावरही त्यांना स्वस्थ बसवत नसे. मुंबईला अधिवेशन असलं तरी फोनवर विचारणार, "आज बोर्डावर काय आसा? तारीख घेव नको, चालव."

दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा मंत्रिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. नेमकं त्याच सुमारास त्यांच्याच सरकारने त्याच पुळणीवर पर्यटकांसाठी जेटी आणि गाड्या लावायला तळ मंजूर केला. रापणकर पुन्हा भाऊंकडे आले. पक्षाच्या नेत्यांनी निरोप पाठवला, जरा सबुरीने घ्या. भाऊ दोन्ही बाजू ऐकून घ्यायला गावातल्या देवळात सभेला गेले. मी बरोबर होते. जाणते रापणकर पुढे बसले होते, पण बोलायला उठली ती मागची एक बाई. म्हणाली, "भाऊ, माझो झील मुंबयत हाटेलात भांडी घासता. हय जेटी झाली तर तो घराकडे येतलो. तुमका तां नको आसा?"   "तुझां खरां आसा," भाऊ एवढंच म्हणाले.

परतताना गाडीत मला वाटलं, आता माघार घेणार. आठवड्याभराने त्यांनी कपाटातला काळा कोट काढला, रापणकरांचं वकीलपत्र घेतलं आणि आपल्याच सरकारविरुद्ध उभे राहिले. समोरचा सरकारी वकील त्यांना पाहून उठून उभा राहिला. "कोर्टात मी आमदार नाही," भाऊ त्याला शांतपणे म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा." भाऊ जिंकले. मंत्रिपद गेलंच, पुढच्या खेपेला तिकीटही गेलं. अपक्ष उभे राहिले तर त्यांच्याच गावाने त्यांना पाडलं. जेटी शेजारच्या गावात झाली. तिथे तरुण पोरांना कामं मिळाली, आणि वाचलेल्या पुळणीवर रापण ओढायला आता मोजकीच माणसं येतात...

निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी घाबरतच त्यांच्या घरी गेले, तर भाऊ कोर्टात जायला तयार. पुढे कितीतरी महिन्यांनी धीर करून विचारलं, "भाऊ, आपलं चुकलं का?" ते खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "माका म्हायत नाय गो. कोर्टाचो निकाल माझ्या बाजून लागलो, इतक्यांच माका म्हायत आसा." ते उत्तर तेव्हा मला पुरलं नाही, आजही पुरत नाही. त्या बाईचा मुलगा परत आला का, हे भाऊ अधूनमधून कुणाकुणाला विचारत. तो आला नव्हता.

परवा सोमवारी वहिनींना भेटायला गेले. दर सोमवारी सकाळी भाऊ पडवीत बसत आणि कुणीही यावं, गाऱ्हाणं सांगावं, अशी पद्धत होती. आमदारकी गेली तरी ती मोडली नव्हती. पाहते तर बाकावर माणसं बसलेली. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात नोटीस. यांतल्या कितीजणांनी त्यांना मत दिलं असेल, हा विचार मनात आलाच. वहिनी सगळ्यांना चहा देत होत्या. मी एका म्हाताऱ्याला हळूच म्हटलं, "आजोबा, भाऊ नाहीत आता. तुम्हाला कळलं नाही का?"

"कळला तर," तो म्हणाला. "मातयेक इल्लंय मी, स्मशानापर्यंत." मग बाकावरच थोडा सरकून त्याने मला जागा केली. "पण सोमवार आसा गो बाय. आमी आता खंय जावचा?"