माती नेलेली जागा

मी संभाजीनगरात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. कन्नडच्या डोंगरातल्या अभयारण्याची माती आणि त्याला लागूनच असलेल्या मक्याच्या शेताची माती, दोन्हींत कोणकोणते जिवाणू आहेत ते मी आणि माझी एक सहकारी तपासत होतो. दिवाळीनंतरची पहिली फेरी छान झाली. शेताच्या मातीतून काचेच्या डिशमध्ये मोजकेच प्रकार उगवले. जंगलाच्या डिशमध्ये मात्र पांढरे, गुलाबी, राखाडी, शेंदरी ठिपके, नुसती दाटी. आम्ही शिपायालासुद्धा बोलावून दाखवलं.

उन्हाळ्यात पुन्हा गेलो. सोबत वनरक्षक होता. आमची नमुने घ्यायची जागा ओढ्याच्या वर, एका मोठ्या धावड्याच्या झाडाखाली. धावडा लांबूनच दिसला, पण जवळ गेलो तर त्याची मुळं हवेत लोंबत होती. खाली माती नव्हतीच. कमरेइतका खड्डा, तळाला पिवळा मुरूम आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे वळ.

माझी सहकारी काठावर मटकन बसली. "झाडं चोरतात, मालूम था," ती म्हणाली. "मिट्टी बी नेतात?"

वनरक्षकाचा चेहरा उतरला होता. "मी मागं आलतो तवा समदं जागच्या जागी व्हतं, मॅडम. अशी भुसभुशीत काळी माती कुंड्यांसाठी लई खपती शहरात. पोती भरून नेत्यात."

वणवा, चराई, कुऱ्हाड, सगळ्याचा विचार मी केला होता. जमीनच उचलून नेतील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी उगाच खड्ड्यात उतरले आणि मुरमाला हात लावून पाहिला. तव्यासारखा तापला होता.

वनरक्षकानं पंचनामा केला, पुढं वाटेवर आडवा चर खोदला गेला आणि ट्रॅक्टर यायचे थांबले. आम्ही मुरमाचाही नमुना आणला. त्याच्या डिशेस जवळजवळ कोऱ्या राहिल्या. सहकारिणीनं त्या पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिल्या. आमचंच काही चुकलं असेल, असं तिला वाटत होतं. तिनं सगळं नव्याने करून पाहिलं. तेच निघालं.

त्या पावसाळ्यात धावडा पडला. खड्ड्यात आता पालापाचोळा साचतो, थोडी माती धरते. आम्ही दरवर्षी ती तपासतो. अजून तिला शेताच्या मातीचीही बरोबरी साधता आलेली नाही.