बहिणीच्या हाती गेलेला माईक

आमचा पंक बँड तीन जणांचा होता. मी गिटार वाजवायचो आणि गायचो, वाशीमच्या कॉलेजातला एक मित्र बेस वाजवायचा, आणि मेडशीचा दुसरा ड्रमवर. त्याचे हात जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवून तयार झालेले. या ड्रमवाल्याच्या घरच्या सोयाबीन ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी सराव चालायचा. तीन कॉर्ड, भरपूर वेग आणि खरा राग, एवढंच आम्हाला येत होतं.

मग मला मंगरूळपीरला एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली. नोकरीत जम बसला की सहा महिन्यांत परत येतो, असं मी दोघांना सांगितलं. तोवर गायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला विचारलं. ती सरावाला येऊन बसायची आणि मी हिंदीत गातो यावरून मला टोचायची. तिने माईक हातात घेतला आणि सरळ वऱ्हाडीत ओरडायला लागली. खोली दाखवण्याआधी आडनाव विचारणाऱ्या घरमालकावर तिने गाणं केलं. मोबाईलवर टिपलेलं ते गाणं पाहता पाहता पसरलं. नागपूरचं बोलावणं आलं, मग पुण्याचं.

सहा महिने झाले. मला परत ये असं कोणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सहकारी तिचे व्हिडिओ लावायचे आणि कौतुकाने विचारायचे, ही तुमचीच बहीण ना? मी हसून हो म्हणायचो. मग उरलेला डबा तसाच बंद करायचो.

बंगळुरूचा मोठा कार्यक्रम ठरला तेव्हा मी आईला फोन केला. पोरगी परक्या पोरांबरोबर फिरते म्हणून लोक बोलतात, असं सांगितलं. प्रत्यक्षात कोणी एक शब्द बोललं नव्हतं. आईने तिचं जाणं थांबवलं आणि बँडला नकार कळवावा लागला. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

आठवड्याने ती एसटीने मंगरूळपीरला आली आणि कार्यालयात माझ्या टेबलासमोर बसली. कोण लोक बोलतात, असं तिने आईला खोदून विचारलं होतं. आईला माझ्याशिवाय कोणाचं नाव सांगता आलं नव्हतं.

"दादा, तुले गायचं होतं तं मले म्हणाचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी माईक देला असता. आईले मधात काहून घातलं?"

 मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्यासोबत घरी गेलो आणि आईला खरं सांगितलं. आई रागावली नाही, पण कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. बहीण पुढच्या कार्यक्रमाला गेली, आणि त्याच्या पुढच्याही.

यंदा वाशीमच्या एका मंगल कार्यालयात त्यांचा कार्यक्रम झाला. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. माझं एक जुनं हिंदी गाणं तिने वऱ्हाडीत करून गायलं. ते माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, आणि समोरच्या पोरापोरींना ते तोंडपाठ होतं.

संपल्यावर ती घामाने निथळत माझ्याकडे आली आणि कसं झालं म्हणून विचारलं.

"भारी झालं," मी म्हणालो.

मी आणखी काही बोलेन म्हणून ती क्षणभर थांबली. मी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला.