मधल्या खोलीतली सकाळ

जीप दारात लागली होती. मागच्या बाकावर गोधड्या अंथरून आम्ही आईला आडवं निजवलं होतं आणि ती तिथूनच घर बंद करत होती. "चुलीतला इस्तू इझवला का? रांजण पालथा घातलास का? मागल्या दाराला आतनं दगूड लाव." मी आतबाहेर पळत होते. तिच्या खुब्याचं हाड मोडून महिना झाला होता. साताऱ्याच्या दवाखान्यात सळई घातली होती आणि तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही असं सांगितलं होतं. शेळ्या शेजारच्या काशीकाकूकडे गेल्या होत्या. काशीकाकू जीपशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हाशील गं, पारूबाई?"

"हाड जुळंस्तवर," आई म्हणाली.

जीप हलली तसा तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. म्हसवड मागं पडलं, विट्याचा रस्ता लागला, तरी काढला नाही. मला वाटलं, धुळीमुळं असेल.

वडील जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. भाऊ दत्ता फौजेत, कुठल्या तरी बर्फाच्या चौकीवर. त्याला कुटुंबाचं क्वार्टर मिळालं नव्हतं. राहिले मी, सांगलीत दिलेली. आईच्या वयाच्या बायका लेकीच्या घरी दोन दिवस राहिल्या तरी तिसऱ्या दिवशी पिशवी भरून बसायच्या. ती माझ्याकडं येत होती ती दुसरं कुठलंच दार उघडं नव्हतं म्हणून. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

गाव सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आपण पहिल्यांदा काय मिरवतो ते. मी नळ मिरवायची. माणच्या माळावर टँकरच्या मागं घागर घेऊन धावलेली मुलगी मी. सांगलीत कृष्णेचं पाणी घरात येतं, दोन वेळा येतं, हे मी गावाकडं प्रत्येक पत्रात लिहिलं होतं. घरात एक खोली अशी आहे की जिला खिडकीच नाही, हे कधी लिहिलं नाही.

गावभागातलं आमचं भाड्याचं घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारा, वॉर्निशचा वास, दिवसभर गिऱ्हाईक. मागं स्वयंपाकघर, मोरी आणि चार फुटांचं परसू. या दोहोंच्या मधली खोली आमची झोपायची. तिच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, वर मालकांचा मजला. दार लावलं की भर दुपारी हात दिसायचा नाही. आम्ही दोघं तिथून उठून स्वयंपाकघरात पथारी टाकू लागलो आणि आईची खाट त्या खोलीत लावली.

आई वर्षातले आठ महिने अंगणात बाजेवर निजणारी बाई. घड्याळ तिच्या घरात नव्हतं आणि तिला ते कधी लागलंही नाही. पूर्वेकडं फटफटलं की ती उठायची, उन्हं टेकडीवर आली की शेळ्या सोडायची. मधल्या खोलीत आल्यावर पंधरा दिवसांत तिचं सगळं उलटंपालटं झालं. दिवसा घोरायची. मध्यरात्री टक्क जागी व्हायची आणि मोठ्यानं विचारायची, "उजाडलं व्हय गं? शेरडं सोडली का?" मी उठून सांगायची, रात्र आहे. तासाभरानं पुन्हा तेच. एकदा जेवण करून निजलेली ती संध्याकाळीच उठली, तोंड धुवायला पाणी मागू लागली, आणि संध्याकाळ आहे म्हटल्यावर लहान मुलासारखी रडली. "मला येड लागतंय का रं द्येवा," म्हणाली. वरच्या मालकीणबाई जिन्यात गाठून बोलल्या. झोपेच्या गोळ्या आणल्या, त्यांनी तिची जीभ जड झाली आणि डोळे दिवसभर तारवटलेले राहिले.

मी एका खाजगी दवाखान्यात आया होते. तिथल्या डॉक्टरांना घाबरतच विचारलं. ते म्हणाले, "गोळ्या बंद करा. त्यांच्या शरीराला सकाळ झालेली कळत नाहीये. पहाटे भरपूर उजेड हवा, हळूहळू वाढणारा. संध्याकाळी तो तसाच कमी करत न्या. रोज ठरलेल्या वेळी. खिडकी नसेल तर दिव्यांनी करा."

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग दोन दिवसांनी दुकानातल्या माळ्यावरून एक जुना डिमर, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र, काढला. नाट्यगृहाचा होता, दुरुस्तीला आलेला, पुन्हा कुणी न्यायला आलं नव्हतं. नाटकात पहाट होते ती अशा डिमरनं, एवढं मला त्या दिवशी कळलं. यांनी त्याच्या आतल्या तांब्याच्या तारेची वायंडिंग नव्यानं भरली. खाटेसमोरच्या भिंतीवर खिडकीएवढी लाकडी चौकट ठोकली, आत सहा बल्ब बसवले, खालच्या दोहोंवर केशरी जिलेटिनचा कागद, आणि सगळ्यावर पांढरं पातळ कापड ताणलं. बाकीच्या भिंतींना दोन हात चुना दिला. डिमरचं बटण मात्र भिंतीपलीकडं, स्वयंपाकघरात, माझ्या ओट्याशेजारी. पहाटे मला सोपं पडावं म्हणून.

आईपासून आम्ही काही लपवलं नाही. पहिल्या सकाळी साडेपाचला मी बटण हळूहळू फिरवलं आणि दारातून पाहत राहिले. आधी कापडाच्या तळाशी विस्तवासारखं तांबूस दिसलं. मग ते वर चढलं, पिवळं झालं, पंधरावीस मिनिटांत खोली अशी उजळली की चुन्याच्या भिंतीवरचे ब्रशचे फराटे दिसू लागले. आईनं डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली. मग पडल्यापडल्या तिनं हात जोडले आणि हसली. "जावईबापूनं सूर्य आणला की गं घरात!" हे दारात उभे होते, लाजून दुकानात निघून गेले.

दहा-बारा दिवसांत तिची झोप जागेवर आली. साडेपाचला जाग, लघवीचं भांडं, तोंड धुणं, चहा. पाय टेकवायची परवानगी मिळाल्यावर मी कामाला जायच्या आधी तिला वॉकर देऊन खोलीत चार फेऱ्या मारवायची. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. आधाराला माणूस असल्याशिवाय तिला उभं राहता येईना, म्हणून गावी परत जायचं लांबलं. तरी ती बोलायला लागली होती. लसूण सोलायची. दत्ताला पत्र लिहायला सांगायची, "लिही, हितं लय उजेड हाय."

ते तीन-चार महिने आमच्या घरात कुणी कुणावर आवाज चढवला नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढचं लिहिताना ते महिने खोटे वाटू लागतात.

आषाढात दवाखान्यातली दुसरी आया काम सोडून गेली आणि माझी दुपारची पाळी रात्री बाराला संपू लागली. घरी येऊन पाठ टेकेपर्यंत एक. साडेपाचचा गजर डोक्यात घाव घातल्यासारखा वाजायचा. एका पहाटे मी तो बंद केला आणि झोपले. साडेसहाला दचकून उठले, बटण फिरवलं. आई शांत पडली होती. उजेड चढला तसे तिनं डोळे उघडले. मला वाटलं, झोपलीच होती. बरं झालं, तिलाही तासभर जास्त मिळाला.

त्यानंतर साडेसहाच झाले. मग सात. श्रावण संपेपर्यंत आठ. मी मनाशी म्हणायची, दिवे आपल्या हातात आहेत, तिला काय कळतंय. पाळीवर जायच्या आधी, दुपारी एकलाच मी बटण अर्ध्यावर आणून ठेवायची, म्हणजे ती मी नसताना उठायची धडपड करणार नाही, पडणार नाही. सातला हे तिला भाकरी-दूध द्यायचे आणि दिवा पार विझवायचे. तिची रात्र सातला सुरू व्हायची आणि सकाळी आठपर्यंत चालायची. वॉकरवर मी धुणं वाळत टाकू लागले होते. यांनी एकदा विचारलं, "आज अजून दिवा लावला नाहीस?" मी म्हटलं, "झोपू दे की तिला. म्हाताऱ्या माणसाला झोप चांगली." हे दुकानात निघून गेले.

रात्रीचं पाणी प्यायचं तिनं सोडलं होतं. मला वाटलं, वय.

दिवाळीला दत्ताला सुट्टी मिळाली. मिरज स्टेशनवर सकाळी गाडीतून उतरून तो खांद्यावर ट्रंक घेऊन साडेनऊला घरी पोचला. मी स्वयंपाकघरात अजून झोपले होते, आठही आता मागं पडले होते. दुकानात त्याचा आणि यांचा आवाज ऐकून मला जाग आली. अंग उचलत नव्हतं. मधल्या खोलीचं दार उघडल्याचं ऐकू आलं.

"आये? ह्यो काय काळोख? आजून निजलीस?"

"हळू बोल रं," आईचा आवाज आला. झोपेतून उठलेल्या माणसाचा नव्हता तो. स्वच्छ होता. "आलास व्हय माझ्या लेकरा. तुझी आक्का निजलीय. लय दमून येती ती."

"आगं पण साडेनऊ झालं! तू कवाची जागी हायस?"

"पाचाची. वर मोटार चालू हुती पाण्याची, तवा पाच वाजत्यात. मग दूधवाला येतो. मग शाळंची पोरं जात्यात." खाट करकरली. "आक्का दिवस करंल तवा उठायचं. बस हितं, बोलू नगंस."

मी उठून दारात गेले. बटणाकडं हात गेला, पण फिरवायचं धाडस झालं नाही. दत्तानं खिशातला टॉर्च लावला. आईला उठवून बसवायला त्यानं पाठीखाली हात घातला आणि ती कळवळली. त्याचा हात ओला झाला. मी लुगडं बाजूला केलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. दवाखान्यात मी परक्या म्हाताऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायची. पाठ लाल दिसली तर नर्सला हाक मारायची. त्याचा मला पगार मिळत होता.

दत्तानं मला मारलं असतं तरी चाललं असतं. तो यांच्याकडं वळून म्हणाला, "दाजी, दुकान रिकामं करा." दोघांनी दुपारपर्यंत मोटारी, तारा, रॅक सगळं बाहेर फूटपाथवर काढलं आणि आईची खाट पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या दारापाशी लावली. ऊन तिच्या पायांवर आलं. तिनं पाय जवळ ओढून घेतले. डोळ्यांवर हात धरला. म्हणाली, "लय लागतंय रं डोळ्यास्नी."

त्या दिवशी ती जेवल्यावर मी तिच्याजवळ बसले. विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "आई, हाक का नाही मारलीस? भिंतीपलीकडंच तर होते."

ती जखमेवरच्या औषधानं गुंगीत होती. तरी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मारायची म्हनलं की वाटायचं, उठून तरी मला कुठं जायाचंय? तू कशापायी उठायचं?" आणि मग, "लेकीचं घर हाय. ज्यांचं घर त्येंनी दिवस करावा."

दत्तानं सुट्टी वाढवून घेतली, तरी ती संपली. जाताना त्यानं आईला सांगितलं, क्वार्टर मिळालं की तुला नेतो. जखम भरली नाही. मी नोकरी सोडली आणि दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवत राहिले, पण ती वेळ निघून गेली होती. पौषात ताप चढला. पाचव्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास, रस्त्यावर शाळेची पोरं चालली असताना, ती गेली. दत्ताला तार मिळून तो पोचला तेव्हा दहावाही झाला होता.

यांनी दुकान पुन्हा पुढं मांडलं. चौकट काढून टाकली, डिमर भंगारात दिला. मधल्या खोलीत आम्ही परत कधी झोपलो नाही. दोन वर्षांनी विश्रामबागेकडं दोन खोल्यांच्या, चारी बाजूंनी खिडक्या असलेल्या घरात राहायला गेलो. लोक म्हणाले, नशीब काढलंस.

दत्ता आता पेन्शनीत आहे, गावी घर बांधलंय. दिवाळीला बोलावतो, मी जाते, वाढलेलं जेवते. आईचा विषय निघाला की तो अंगणात जातो. त्या सकाळीबद्दल आम्ही दोघं आजवर बोललेलो नाही आणि बोलू असं वाटत नाही. गावातल्या बायका विचारतात, "रंजे, आता सांगलीच घर का गं तुझं?" मी हो म्हणते.

तुम्ही गाव सोडून कुठंकुठं गेलात, आईवडिलांना मागून बोलावून घेतलंत, त्यांना खाट दिलीत, पंखा दिलात, औषधं वेळेवर दिलीत. मीही दिली. आता घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं. जिथं पहाटे जाग आल्यावर माणूस न बिचकता हाक मारतो, ते त्याचं घर. माझी आई माझ्याकडं अकरा महिने होती. शेवटचे सहा महिने तिनं मला एकदाही हाक मारली नाही, आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.